तिसरा बस्ता

माझा स्वभाव तापट आणि हाताला वळण म्हणून नाही. वस्तू जिथे सुचेल तिथे ठेवायची आणि मग सापडली नाही की घर डोक्यावर घ्यायचं, ही माझी जुनी खोड. मेहकरला आम्ही राहायला लागलो तेव्हा महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. पदरात दोन लहान पोरी, यांचं बसस्टँडजवळ बी-बियाण्यांचं दुकान, आणि घरात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सुना सासूला आत्याबाईच म्हणत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं ते त्याशिवाय कळायचं नाही. आत्याबाईंना तेव्हा दिसेनासं होत चाललं होतं आणि त्यांनी ते आमच्यापासून लपवून ठेवलं होतं. कारण साधं होतं. दुसरबीडकडच्या त्यांच्या माहेरी त्यांच्या आईचे डोळे असेच गेले होते, आणि तिला अकरा वर्षं ओसरीवर बसवून ठेवलं होतं. वेळेवर ताट समोर येई, वेळेवर उचललं जाई, पण कोणी तिला कांदा चिरायलाही देत नसे. तसं आपलं होऊ नये, चूल आपल्या हातात राहावी, एवढंच आत्याबाईंना हवं होतं. मला यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त पसारा दिसत होता.

आणि पसारा होताच हो. अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक जाड दोरी, तिच्यावर बारा महिने गोधड्या आणि लुगडी. मागच्या दाराच्या ऐन वाटेत पाण्याचा रांजण. त्याला माझं कोपर लागलं नाही असा दिवस गेला नसेल. स्वयंपाकघरात तर एका डब्याला दुसऱ्याचं तोंड ओळखीचं नाही. मीठ कडा उडालेल्या चिनीमातीच्या बरणीत, तिखट लाकडी पेटीत, हळद पितळी डबीत, ज्वारीचं पीठ पोचा पडलेल्या पत्र्याच्या डब्यात, बेसन कडीवाल्या डब्यात. धुण्याचा सोडा मोरीत, एका फुटक्या किटलीत. कशाला काही शिस्त म्हणून नव्हती. आत्याबाईंना म्हणावं, हे जरा सारखं करू या, तर त्या म्हणायच्या, राहू दे, मले सापडते. मला मात्र काहीही सापडत नसे. सकाळी पोरींच्या वेण्या, डबा, माझी वह्यांची पिशवी या सगळ्यात शाळेची घंटा मला रस्त्यातच ऐकू यायची.

एकदा सातवीच्या उत्तरपत्रिकांचा अख्खा गठ्ठा हरवला. दोन दिवस मी घर उपसलं. तो निघाला पिठाच्या चाळणीखाली, मीच ठेवलेला. पण तोपर्यंत मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्या शिक्षकांसमोर मला विचारलं होतं की घर आणि शाळा दोन्ही झेपतंय ना. घरी येऊन मी एक बशी आपटली. मुद्दाम आपटली, खोटं कशाला बोलू. हे जेवत होते. ते म्हणाले की बश्या फोडून काही होणार नाही, रेकॉर्डवाल्या चाचांना बोलाव. ते थट्टा करत होते. मी दुसऱ्याच दिवशी बोलावलं.

चाचा तहसील कचेरीतून निवृत्त झालेले रेकॉर्डकीपर. अंगानं काटक, डोक्याला काळी टोपी, जाड भिंगांचा चष्मा, त्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. जन्म कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये गेलेला. गावोगावचे कागद कापडी बस्त्यांत बांधायचे, चिठ्ठी लावायची, मागितला की पाच मिनिटांत काढून द्यायचा. निवृत्तीनंतर एका वकिलानं त्यांच्याकडून आपले कागद लावून घेतले. मग एका डॉक्टरनं औषधांची कपाटं लावून घेतली, मग कापसाच्या व्यापाऱ्यानं दुकान. होता होता तो त्यांचा धंदाच झाला. पण घर लावून घ्यायला त्यांना बोलावणारी मी पहिलीच. शेजारणी हसून हसून दमल्या. घर आवरायला माणूस लावला म्हणे, मास्तरणीचे थाट पाहा. मी म्हटलं, हसा.

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि चाचा आले. आमच्या चुलीपाशी परका पुरुष जात नसे, आणि चाचा तर मुसलमान. तोंडानं कोणी काही बोललं नाही. त्यांनीच अंगणात निंबाच्या सावलीला घोंगडी टाकून घेतली आणि मी इथंच बरा म्हणाले. आज ते आठवलं की मला लाज वाटते. तेव्हा वाटली नाही, उलट बरंच वाटलं.

त्यांची पद्धत अशी. घरातली एकूण एक वस्तू बाहेर काढायची. मी आणि पोरी आतून आणायचो, ते घोंगडीवर घ्यायचे. वस्तू आधी हातानं चाचपायचे, मग डोळ्यांजवळ न्यायचे, मग विचारायचे: रोज लागते, सालात एकदा लागते, की लागतच नाही? रोजचं ते पहिल्या बस्त्यात. सालात एकदा लागणारं दुसऱ्यात. लागतच नाही ते तिसऱ्यात. कचेरीतही असेच तीन भाग असायचे म्हणे: जन्मभर जपायचे कागद, काही वर्षं जपायचे, आणि मुदत संपली की जाळायचे. मध्येच थांबून ते गर्वानं सांगायचे की मध्यप्रांत गेला, मुंबई राज्य गेलं, महाराष्ट्र आला, तीन सरकारं बदलली पण त्यांचा एक बस्ता जागचा हलला नाही. मला हे सगळं ऐकून इतकं छान वाटायचं की काय सांगू. आपलंही घर आता सरकारसारखं चालणार.

आत्याबाई त्या चार दिवसांत उंबऱ्यात बसून होत्या. एकेक वस्तू बाहेर जाताना विचारायच्या, काय नेलं आता? मी म्हणायचे, किटली. मी म्हणायचे, चिनीमातीची बरणी. एकदाच म्हणाल्या की रांजण तरी राहू द्या. चाचांनी नम्रपणे सांगितलं की वाटेतली वस्तू ही अपघाताची जागा. रांजण परसात गेला. दोरी उतरली. आणि स्वयंपाकघरासाठी चाचांनी वनस्पती तुपाचे रिकामे डबे आणवले, वीस की बावीस, सगळे एका मापाचे. कारण फळीवर एका उंचीचे बस्ते ओळीनं लागलेले पाहणं हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख. प्रत्येक डब्यावर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवली. आणि ओळ कशी लावायची, तर कचेरीत गावांची नावं लागतात तशी, अक्षरांच्या क्रमानं. म्हणजे धण्याच्या शेजारी धुण्याचा सोडा आणि मिरचीच्या शेजारी मीठ. मी हसले, पण लावलं तसंच. ते बाहेरून सांगत होते आणि मी आत ठेवत होते. चाचांनी आमचं स्वयंपाकघर आतून पाहिलंच नाही.

जुन्या बरण्या, पेटी, किटली, पोचा पडलेला डबा, सगळं तिसऱ्या बस्त्यात बांधून माळ्यावर गेलं. मी म्हटलं, भंगारवाल्याला देऊन टाकते. तर चाचा म्हणाले नाही, तिसऱ्या बस्त्यालाही मुदत असते. एक साल माळ्यावर ठेवायचा, तोवर कोणी काही मागितलं नाही तरच काढायचा. दिवाळीनंतर मी तपासणीला येईन. त्यांनी मोबदला सांगितला तो इतका थोडा की आम्हालाच ओशाळल्यासारखं झालं.

जून उजाडला आणि मी शाळेत घंटेच्या आधी. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. घरात चालताना कोपराला काही लागत नव्हतं. मी शेजारणींना मुद्दाम चहाला बोलावून फळी दाखवायची. ज्या हसल्या होत्या त्यांच्यापैकी दोघींनी चाचांचा पत्ता विचारला. मी किती खूश होते हे सांगायलाच हवं, कारण त्याच दिवसांत आत्याबाईंचं काय चाललं होतं ते मी डोळ्यांनी पाहत होते आणि माझ्या खुशीत ते मला काहीच वाटलं नाही.

त्यांचा स्वयंपाक हळू झाला. एकेक डबा उघडून त्या वास घ्यायच्या, बोट घालायच्या, जिभेला लावायच्या, परत बंद करायच्या. मला वाटायचं, रुसल्यात. मी लावलेलं त्यांना आवडलं नाही म्हणून मला दाखवून देतात. अंगणातून मोरीकडे जाताना भिंतीला हात लावत जायच्या. मी म्हणायची, आत्याबाई, भिंत मळते. दुपारी पोथी उघडून म्हणत बसायच्या, तेही पानाकडे न पाहता. मी मनात म्हणायची, पाठच आहे, पाहतील कशाला. एकदा बेसनाऐवजी ज्वारीच्या पिठाचं पिठलं झालं. यांनी मुकाट खाल्लं. मी मात्र बोलले. काय बोलले ते आठवतं, पण लिहवत नाही.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. आमच्या वऱ्हाडात महालक्ष्म्यांचं जेवण म्हणजे वर्षाचा मोठा सण, आणि त्यात ज्वारीच्या पिठाची, ताकात आंबवलेली आंबील पाहिजेच. आंबील आत्याबाईंची. त्यांच्या हातच्या आंबिलीसाठी दुसरबीडहून नणंद आणि नंदोई मुद्दाम यायचे. नैवेद्य दाखवेपर्यंत कोणी कशाची चव घ्यायची नाही, बोटसुद्धा जिभेला लावायचं नाही. लावलं की उष्टं. हा नियम आत्याबाई जन्मभर पाळत आल्या होत्या, त्या दिवशीही पाळला. मी अंगणात रांगोळी काढत होते. त्यांनी फळीवर हातानं डबे मोजले, एक उघडला, आत खडे लागले. खडेमीठ समजून मूठभर आंबिलीत टाकले. आंबील फसफसून वर आली. त्यांना वाटलं, औंदा आंबण चांगलं चढलं. हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं.

आरती झाली, नैवेद्य दाखवला, पंगत बसली. नंदोयांनी वाटी तोंडाला लावली आणि उठून अंगणात पळाले. त्यांच्यामागे पोरी थुंकायला. धुण्याचा सोडा होता तो. चुळा भरून भरून सगळ्यांची तोंडं ठीक झाली, पण देवीला सोड्याचा नैवेद्य दाखवला गेला होता, आणि माझा तोल गेला. पाहुण्यांसमोर, पंगतीसमोर मी ओरडले.

"दिसत नाही का हो तुम्हाला? एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय!"

आत्याबाई हातात पळी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्या आवाजाकडे तोंड केलं, माझ्याकडे नाही, आवाजाकडे, आणि म्हणाल्या, "नाई दिसत, माय. दीड साल झालं."

त्यांनी पळी ठेवायला हात खाली नेला, तिथे पातेलं नव्हतं, पळी जमिनीवर पडली. नणंदेला रडू फुटलं. मला रडू आलं नाही. मी वाकून पळी उचलली.

मग एकेक उलगडत गेलं. ती दोरी त्यांची वाट होती. गोधडी धरून त्या घरातून मोरीपर्यंत जायच्या. रांजणाचा गारवा पायाला लागला की मागचं दार आलं. कडा उडालेली ती मीठ, पोचा ती ज्वारी, कडी ती बेसन, लाकूड ते तिखट. आणि किटली मोरीत अशासाठी, की सोडा कधी चुलीजवळ येऊच नये. ज्याला मी पसारा म्हणत होते तो त्यांनी वर्षभरात एकेक करून लावला होता, एकटीनं, कोणाला कळू न देता. आणि मी चार दिवसांत, पैसे देऊन, तो मोडून घेतला.

यांनी त्यांना अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मीही गेले. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही, उरलीसुरली थेंबांनी टिकवायची. येताना शेगावला उतरून दर्शन घेतलं. रांगेत आत्याबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. बाहेर आल्यावर म्हणाल्या की मागच्या खेपेला डोळे भरून पाहून घेतलं ते बरं केलं.

आता पुढचं सांगायला जड जातं. कारण या सगळ्यानंतर आम्ही तेच केलं ज्याला त्या भीत होत्या. नणंद म्हणाली, आईला आता चुलीजवळ जाऊ द्यायचं नाही, भाजेल, पडेल. हे म्हणाले, बरोबर आहे. मीही म्हणाले. मी तर जास्तच उत्साहानं म्हणाले, माझ्या मनाला टोचत होतं ना. स्वयंपाकाला एक बाई ठेवली. ओसरीवर खाट टाकली, तिच्यावर नवी गादी घातली, आत्याबाईंना म्हटलं, जन्मभर केलंत, आता आराम करा. त्या बसल्या. ताट वेळेवर जाई, वेळेवर येई. आठ दिवसांत त्यांनी पोथी म्हणणं सोडलं. पंधरा दिवसांत अर्धी भाकर परत यायला लागली. काही दुखतं का विचारलं तर म्हणायच्या, नाई. काही पाहिजे का तर, नाई. पोरी जवळ गेल्या की तेवढ्यापुरत्या हसायच्या. घर लख्ख होतं, डबे ओळीत होते, मी वेळेवर शाळेत जात होते, आणि माझ्या देखत बाई विझत चालली होती.

दिवाळी झाली आणि ठरल्याप्रमाणे चाचा तपासणीला आले. सायकल लावली, टोपी सारखी केली, ओसरीवर आत्याबाई दिसल्या म्हणून आदरानं विचारलं की बाई, लागलं का सगळं जागच्या जागी? आत्याबाईंनी मान वर केली. किती दिवसांनी त्यांचा तसा आवाज ऐकला मी, शांत, धारेचा.

"लागलं, भाऊ. सगळंच लागलं. मले तुमच्या तिसऱ्या बस्त्यात बांधलं."

चाचा खाली पायरीवरच बसले. मी त्यांना काय झालं ते सांगितलं, महालक्ष्म्यांपासून अकोल्यापर्यंत. ते ऐकत होते आणि चष्मा काढून पुसत होते, पुन्हा घालत होते, पुन्हा काढत होते. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नव्हतं. नोकरीची शेवटची सहा वर्षं त्यांनाही नीट दिसत नव्हतं. रेकॉर्डरूमला एक खिडकी, तीही धुळीनं भरलेली. चिठ्ठ्या वाचता येईनात. नोकरी जाईल, घरी बसावं लागेल या भीतीनं त्यांनी गाठी बांधायला सुरुवात केली. या तालुक्यातल्या या बाजूच्या गावांना एक गाठ, त्या बाजूच्यांना दोन, जुन्या बस्त्यांना उलटी गाठ. तहसीलदार कागद मागायचे, चाचा आत जायचे आणि बोटांनी शोधून आणायचे. पाच मिनिटांत. साऱ्या कचेरीत कौतुक, आणि चिठ्ठ्या नुसत्या शोभेला.

"मीच गाठीवर जगलो अन् तुमच्या घरी चिठ्ठ्या चिकटवल्या," ते म्हणाले. "निवृत्त झालो अन् मले लोकाइले अक्षर दाखवाची हौस आली. ही माही चूक हाय, बाई. मास्तरीणबाईची नाई."

माझीही होती. पण मला ते त्या वेळी म्हणता आलं नाही.

मग ते उठले. आत्याबाईंच्या खाटेपाशी येऊन, जरा वाकून म्हणाले, "तिसरा बस्ता साल होईस्तोर जाळता येत नाई. नियम हाय. अन् चुकीचा लागला असंन तर सोडून पहिल्यात घालता येते."

चाचांनी घोंगडी मागितली, नेहमीसारखी निंबाखाली टाकायला. आत्याबाई खाटेवरून पाय खाली सोडत म्हणाल्या, "बाहीरून कसं लावान, भाऊ? आत या."

आमच्या चुलीपाशी आजवर परका पुरुष गेला नव्हता. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी चपला ओट्याखाली काढल्या, परसात जाऊन रांजणातल्या पाण्यानं पाय धुतले आणि आमच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा पाऊल ठेवलं. स्वयंपाकाची बाई चिमटा हातात धरून बघत राहिली. तिला मी घरी पाठवलं.

माळ्यावरचा बस्ता उतरवला. पोचा पडलेला डबा हातात आला तेव्हा आत्याबाईंनी तो पोटाशी धरला आणि पोच्यावरून बोट फिरवलं. चुलीपुढे पाटावर त्या बसल्या, आणि हात पुढे करून कुठे काय पाहिजे ते सांगत गेल्या. हात पोचेल तिथे मीठ, त्याच्या डावीकडे वीतभर तिखट. चाचा ठेवायचे, त्या चाचपायच्या, नाही, जरा अलीकडे. दुपार गेली त्यात. वनस्पती तुपाचे डबे मी घेतले, माझ्या वह्या-कागदांना. किटली मोरीत गेली. अंगणात दोरी पुन्हा बांधली, आणि चाचांनी तिला गाठी मारल्या: पायरीपाशी एक, निंबापाशी दोन, मोरीपाशी तीन. हे दुकानातून आले तर रांजण पुन्हा वाटेत. त्यांचं कोपर लागलं. कोपर चोळत ते आत गेले.

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी पिठलं केलं. मी जवळ उभी राहायला लागले तर म्हणाल्या, सरक, अंगावर येऊ नको. मला इतका आनंद झाला त्या रागाचा.

पण त्या दिवसापासून माझी खरी शाळा सुरू झाली. मीठ काढलं की बरणी तिथल्या तिथे, वीतभर म्हणजे वीतभर. खुर्ची सरकवली की परत जागेवर. चप्पल वाटेत नाही, बादली वाटेत नाही. चाचांच्या चिठ्ठ्यांनी मला जे शिकवलं नव्हतं ते यानं शिकवलं, कारण आता माझ्या हातून एक डबा इकडचा तिकडे झाला तर एक माणूस घरातल्या घरात चुकत होता. पहिल्या दोन महिन्यांत मी पाच-सहा वेळा चुकले. दर वेळी त्या चुलीपुढे थबकायच्या, हवेत हात तसाच, आणि म्हणायच्या, मास्तरीणबाई. एवढंच. मी धावत यायची आणि कान धरायची.

वर्ष फिरलं, पुन्हा महालक्ष्म्या आल्या. आंबील कोणी करायची यावर आदल्या दिवशी नणंदेनं मला बाजूला घेतलं. ती वाईट नव्हती, आईची काळजी होती तिला. म्हणाली, चव घेता येत नाही, पुन्हा काही झालं तर लोकांत आईचीच शोभा होईल, औंदा तू कर. मला तिचं पटत होतं, हेही खरं. नाही नाही म्हटलं तरी सकाळपर्यंत माझ्या मनात तेच. सकाळी आत्याबाईंनी आंघोळ केली, दोरी धरून आल्या, पाटावर बसल्या आणि आंबिलीचं पातेलं मागितलं. मी दिलं. मागं उभी राहिले, बरणी बरोबर जागी आहे ना ते तिसऱ्यांदा पाहत. त्यांना कळलंच.

"तू माह्यावर नजर ठेवून राह्यली," त्या म्हणाल्या. "जा. पाहुण्याइले पाणी दे."

मी गेले. गेले म्हणजे दारापर्यंत गेले, तिथे पाय अडकले, मग खरंच गेले. आत काय पडलं आंबिलीत ते मी पाहिलं नाही.

आरती झाली, नैवेद्य झाला, पंगत बसली. आत्याबाईंच्या सांगण्यावरून औंदा पंगतीत चाचा होते, शेवटच्या पाटावर, टोपी घालून. ताटं वाढली, वाट्यांत आंबील वाढली, आणि आत्याबाई स्वयंपाकघराच्या दाराशी, आपली वाटी पुढ्यात घेऊन बसल्या. कोणी वाटीला हात लावीना. नंदोई भात कालवत राहिले. नणंद पोरींची ताटं सारखी करत राहिली. हे खाली बघत होते. मीही, खरं सांगते, मीही वाटी उचलली नाही. मागच्या वर्षीची ती चव सगळ्यांच्या जिभेवर होती. आणि आत्याबाई कान देऊन बसल्या होत्या. आंबील पितानाचा भुरका त्यांना ऐकू येत नव्हता.

तेवढ्यात शेवटच्या पाटावरून एक लांब, मोठा, जरा जास्तच मोठा भुरका आला. चाचांनी वाटी तोंडाला लावली होती, ती खाली घेतलीच नाही. तळापर्यंत प्याले, मिशा पुसल्या आणि रिकामी वाटी ताटात वाजवून ठेवली.

"बाई, अजून वाढा," ते म्हणाले.

मी उठले, पातेल्यातून पळीभर आंबील त्यांच्या वाटीत ओतली. तो ओतल्याचा आवाज आत्याबाईंनी संपूर्ण ऐकून घेतला, आणि मगच त्यांनी आपली वाटी उचलली.